भावजींची दाढी

ताईचा फोन आला तेव्हा मी कोरगावच्या घरासमोर पोदेराकडून, पाववाल्याकडून, उंडे घेत होतो. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाबल, वस्तरो घेवन ये." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. भावजींची दाढी मी रविवारी करायचो आणि तो दिवस गुरुवार होता, त्यामुळे पुढचं काही विचारायची गरज पडली नाही. वस्तरा धार लावायला माझ्याकडेच असायचा, तो खिशात टाकला. उंड्यांची पिशवी हातात तशीच घेऊन मी बसमध्ये चढलो, म्हापशाला बदललो, डिचोलीला बदललो आणि पाळीला उतरलो तेव्हाही ती हातातच होती. पडवीत चटईवर भावजींना निजवलं होतं. सावंतवाडीहून त्यांचे भाऊबंद यायचे होते. शेजारची माणसं अंघोळ घालायची तयारी करत होती, तर ताईने सगळ्यांना थांबवलं. "आधी तेंची दाडी जांवदे," ती म्हणाली. मी सवयीने पाणी गरम करायला ठेवलं. गरम पाण्याची आता गरज नव्हती हे फडकं त्या थंडगार गालाला लावल्यावर कळलं. कुठेही न कापता, तुरटी न लागता झालेली ती भावजींची पहिलीच दाढी. वस्तरा पुसून मिटला, तर ताई पुढे आली. तिने माझा उजवा हात धरला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि चाळीसेक माणसांच्या देखत म्हणाली, "असो भाव कोणाक गावाचो नाय." मी तसाच उठून परसात गेलो आणि ओकलो. लोकांना वाटलं, दुःखाने.

दुःख होतंच. पण ओकारी दुःखाने येत नाही, निदान मला तरी येत नाही. भावजींचा उजवा हात ज्या दगडाने कायमचा निकामी झाला, तो दगड मी मारला होता. हे भावजींना माहीत होतं. ताईला आजवर माहीत नाही.

अर्जुन भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाळीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. माणूस गेला की तो देवमाणूस होता असं लिहायची पद्धत आहे, मी लिहिणार नाही. भावजी मारकुटे होते. ताईवर त्यांनी कधी हात उचलला नाही, पण बाकी जगाला अशी सूट नव्हती. खनिजाच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत कुणी मध्ये घुसला की भावजी जॅकचा दांडा घेऊन खाली उतरत. एका ड्रायव्हरला त्यांनी त्याच्याच बॉनेटवर असा आपटला की बॉनेटला पोचा पडला आणि त्या माणसाला तीन दिवस एका कानाने ऐकू येईना. चौथ्या दिवशी दोघे एकाच बाकावर बसून चहा पीत होते. पाळीच्या न्हाव्यालाही त्यांनी हाणलं होतं... गाल कापला म्हणून नव्हे, कापल्यावर तो हसला म्हणून. तेव्हापासून तो न्हावी सांगत फिरायचा, "तेच्या मानेर वस्तरो दवरपाक माजो हात वचना. आनी गेलो जाल्यार फाटी येवचो ना." म्हणजे त्या मानेवर वस्तरा ठेवायला हात धजत नाही, आणि धजलाच तर परत यायचा नाही. म्हणून भावजी आपली दाढी आपणच करत, वडिलांच्या जुन्या वस्तऱ्याने. ब्लेडने केली की मानेवर पुळ्या उठायच्या, खाणीची तांबडी धूळ कातडीत मुरलेली असायची. पडवीत एक जड लाकडी कदेल होती, हातांची खुर्ची. तिच्यावर बसून, आरसा खांबाला टांगून ते रोज सकाळी दाढी करत आणि तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरचा नियम होता.

मी दगड मारला त्या वर्षी भाषेचं पेटलं होतं. गोवा अजून केंद्रशासित होता. राजभाषा मराठी की कोकणी यावरून सोयरिकी तुटत होत्या, रस्त्यांवर झाडं आडवी पडत होती, टायर जळत होते. मी मराठीवाला. आमच्या पेडणे तालुक्यात आम्ही बहुतेक सगळेच. शाळा मराठी, आरत्या मराठी, जत्रेतली नाटकं मराठी, आणि शिव्या मात्र कोकणी. समोरचे कोकणीवाले आम्हाला शिव्या द्यायचे त्याही त्याच. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरी नव्हती, वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आई तर आधीच गेली होती. कुणाला तरी मारायची मला खाज सुटली होती. मी मराठीसाठी दगड उचलला असं माझे तेव्हाचे सोबती अजून म्हणतात, म्हणोत बापडे. मला दगड मारायचा होता, आणि त्या दिवसांत दगड मारणाऱ्याला कुणी कारण विचारत नव्हतं.

वडिलांच्या वर्षश्राद्धाचा तो आदला दिवस. मी घरी असायला हवा होतो. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही आठजण कोरगावाबाहेरच्या वळणावर काजूच्या झाडांमागे दबून बसलो होतो, तोंडाला रुमाल बांधून. रस्त्यावर दोन झाडं आडवी टाकली होती. एक टेंपो आला. चालवणारा थांबेना, झाडांना वळसा घालून गटाराच्या कडेने गाडी रेटू लागला. त्या आडदांडपणाचा मला राग आला. पायाशी चिऱ्याचा तुकडा होता, नारळाएवढा. चालवणाऱ्याचा उजवा हात खिडकीबाहेर दारावर होता. हाताकडे बघून नेम धरला होता की काचेकडे, हे मी स्वतःलाही नीट सांगू शकलेलो नाही. दगड मनगटावर बसला. चिरा आणि पत्रा यांच्यामध्ये हात चिरडल्याचा आवाज झाला, ओली कामटी मोडल्यासारखा. टेंपो गटारात कलंडला, काच फुटली आणि आतून बाई ओरडली. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो होतो. श्राद्धाला ताईला आणण्यासाठी भावजींनी कुणाचा तरी टेंपो मागून घेतला होता. ताई खाली उतरली. भुवई फुटली होती, एक डोळा रक्ताने मिटला होता. तिने काजूंकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, "ज्या हातान दगड मारल्यान तो हात झडून पडांदे." तीस पावलांवर माझी बहीण रक्ताने भिजून उभी होती आणि मी पळालो. डोंगरातून घरी आलो, विहिरीवर हात धुतले आणि श्राद्धाची केळीची पानं पुसायला बसलो. निरोप आला तेव्हा मी पानंच पुसत होतो.

हाडं जुळली, पण बोटं मिटेनात. स्टिअरिंग धरायचा हात गेला तसा वस्तरा धरायचा हातही गेला. इस्पितळातून भावजी पाळीला आले तेव्हा दाढी छातीकडे निघाली होती आणि ते कदेलीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालत होते. न्हावी येईना. ताईने एकदा प्रयत्न केला, तर तिचा हात इतका थरथरला की भावजींनीच वस्तरा काढून घेतला. मग तिने माझं नाव काढलं. "बाबलाक शिकया. तो रवात हयसर." मी नाही म्हणू शकलो नाही. ज्या माणसाचा हात मी मोडला त्याच्या गळ्यावर वस्तरा चालवायला मी त्या घरात राहायला गेलो.

पहिले आठ दिवस भावजींनी मला स्वतःच्या गालाजवळ येऊ दिलं नाही. परसातला कोवळा कोहळा तोडून माझ्या मांडीवर ठेवला. कोवळ्या कोहळ्यावर बारीक टोचरी लव असते. साबण फासायचा आणि ती लव उतरवायची, साल न दुखवता. "ही माजी मान," भावजी म्हणाले. "कापलस तर मी मेलंय." पातं आधी सालीवर झोपवायचं, मग तांदळाचा दाणा आत जाईल इतकीच त्याची पाठ उचलायची. जास्त उचललं तर कापतं, कमी उचललं तर केस ओढले जातात. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची. लव जिकडे लवलेली तिकडेच ओढायचं. आणि हातातून सुटलेला वस्तरा झेलायला जायचं नाही, पडायचा तिथे पडू द्यायचा. ऐकायला सोपं होतं. मी पहिल्या दिवशी कोहळ्याचा मुडदा पाडला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासताना पाठ पुढे ठेवायची असते, मी धार पुढे ठेवली आणि भावजींच्या वडिलांच्या वेळचा पट्टा मधोमध फाडला. तेव्हा डाव्या हाताची जी कानशिलात बसली तिने डोळ्यांसमोर काजवे चमकले. आमच्याकडे अख्खा कोहळा बाई चिरत नाही. आधी पुरुषाने वार करायचा, मग बाईने भाजी करायची. खंडेनवमीला ट्रकापुढे फोडतात तो बळी म्हणूनच. त्यामुळे मी घायाळ केलेला कोहळा ताई रोज उचलून न्यायची. "आज पण मारलस?" विचारायची, आणि हसायची. तिच्या भुवईवर टाके होते. दोन वेळा आम्ही तीच भाजी खात होतो. जेवताना मध्येच ती भावजींच्या ताटातल्या त्या न मिटणाऱ्या बोटांकडे बघायची आणि तोच शाप पुटपुटायची. मी समोर बसून त्याच हाताने भात कालवायचो.

नवव्या दिवशी कदेलीवर गाल मिळाला. सात ठिकाणी कापलं. दर कापाला भावजी डाव्या हाताने माझ्या टाळक्यात एक ठेवून देत, आणि पुन्हा मान वर करत. आपल्याला मारणाऱ्या माणसाने तिथल्या तिथे आपल्यापुढे गळा उघडा टाकावा, याचं मला भय वाटायचं. महिन्याभरात काप दोनवर आले. मग भावजींनी एक नवी रीत सुरू केली. बसल्यावर आधी म्हणायचे, "हात बघू." मी उजवा हात पुढे करायचा. ते डाव्या पंजात तो धरून दाबायचे, थरथरतो का बघायचे, आणि मगच मान मागे टाकायचे.

चार-पाच महिने हे चाललं. रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज दाढी करून गप्प घरात यायचो. मग गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी सकाळी शेजारी रेडिओ मोठ्याने लागला होता, कुणीतरी फटाके लावले. ताई नळावर गेली होती. माझा वस्तरा भावजींच्या हनुवटीखाली होता. ते डोळे मिटूनच म्हणाले, "राज्य झाला. माजो हात घेवन." मी म्हणालो, "भावजी, तो दगड माजो."

पातं गळ्यावर असताना मी हे बोललो. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की ते आपसूक तोंडून गेलं. तसं नव्हतं. त्या क्षणी ते हलू शकणार नव्हते, म्हणून मी तो क्षण धरला. भ्याड माणूस खरं बोलतानाही आपली जागा बघून घेतो. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वरखाली झाली आणि फेसात लाल रेघ उमटली. जबडा न हलवता ते म्हणाले, "वस्तरो काड." मी काढला. पुढचं फार भराभर झालं. डाव्या हाताचा ठोसा तोंडावर बसला, वस्तरा सुटला, आणि शिकवल्याप्रमाणे मी तो पडू दिला. दुसऱ्या ठोशाला पुढचा दात गेला. पडवीच्या पायऱ्यांवरून खाली पडलो तर ते मागून आले आणि बरगडीत लाथा घातल्या, तीन की चार. अर्ध्या चेहऱ्यावर फेस, गळ्यावरून रक्त. त्या अर्धवट बोटांच्या उजव्या हाताने त्यांनी माझी मान आवळायला घेतली. बोटं मिटेनात. मिटली असती तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो. दोघांनाही ते एकाच वेळी कळलं असावं. ते थांबले, त्या हाताकडे बघत राहिले... मग उठून कदेलीवर जाऊन बसले.

"दगडाक भाषा खय आसता रे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तोंड धू. उरलेली दाडी कर."

मी तोंड धुतलं. "हात बघू," म्हणाले. हात लटलट कापत होता. त्यांनी तो डाव्या पंजात धरून ठेवला, कापायचा थांबेपर्यंत. तेवढ्या वेळात त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "मी जितो आसय तवसर हिका सांग नको. आवस गेली, बापूस गेलो. आता तिचो भाव पण न्हेव काय? माज्या मागसून काय तां तुमी बघा." मग मान मागे टाकली. मी उरलेला अर्धा गाल केला, त्यांच्या फेसात माझं रक्त ठिबकत होतं ते पुसत पुसत. ताई घागर घेऊन आली आणि दोघांकडे बघत राहिली. "दोगांक एकदम रगात कसा इला?" तिने विचारलं. "बाबल पायऱ्यांर घसारलो, तेचो वस्तरो माका लागलो," भावजी म्हणाले. ताईने दोघांनाही यथेच्छ झापलं आणि हळद आणायला आत गेली.

पुढे मला पणजीला एका कचेरीत कारकुनी मिळाली. भावजी खाणीच्या गेटवर बसायला लागले. रोजची दाढी रविवारवर आली आणि मग तीस-पस्तीस वर्षं रविवारीच राहिली. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारीही मी हळदीच्या हातांनी पाळीला गेलो होतो. बायको रुसली, ताईने ते कौतुक गावभर केलं. खाणी बंद पडल्या, भावजींच्या सुरकुत्यांतली तांबडी धूळ हळूहळू उतरली, पण राग काही उतरला नाही. साठी उलटल्यावरही त्यांनी बाजारात एकाला डाव्या हाताने लोळवला होता. मला मात्र त्यांनी त्या दिवसानंतर पुन्हा मारलं नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं. एकदा, नुकताच दिवाळीचा फराळ झाला होता, मी धीर करून विचारलं, "भावजी, माका सोडलास मा?" ते म्हणाले, "दाडी कर." मी केली. शेवटच्या रविवारी त्यांची कातडी ताणायला हाताला लागत नव्हती इतकी सैल झाली होती. आवाज गेला होता. तरी डावा पंजा पुढे आला, हात बघू म्हणून. मी दिला. त्यांनी दाबला नाही, नुसता धरला. दाढी झाल्यावरही सोडला नाही. ताई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही तसेच होतो. ती म्हणाली, "बघा, कसो मोग, कशी माया." मी मान खाली घालून वस्तरा पुसला.

आता दीड महिना झाला. मी स्वतःची दाढी केलेली नाही. कचेरीतले जुने सोबती भेटले की विचारतात, सूतक अजून संपलं नाही का. भावजींनी माझं तोंड त्यांच्या जिवापुरतंच बांधलं होतं, पुढचं आमच्यावर सोडलं होतं. त्यांच्या बाराव्याला सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही. नंतर दोन रविवार पाळीला गेलो. कदेल पडवीत तिथेच आहे, आरसाही खांबालाच. ताई तिच्यावर बसत नाही, मलाही बसू देत नाही. मी पायरीवर बसतो, त्याच पायरीवर, आणि ती मला जेवायला वाढते, माझ्यासारखा भाऊ नाही म्हणते, आणि मग भावजींचा विषय निघाला की त्या दगडवाल्याला शाप देते. समोरासमोर माझ्याच्याने बोलवत नाही. एकदा बोललो होतो तेव्हा समोरच्याच्या गळ्यावर वस्तरा होता.

ताई, वर्तमानपत्राची ही पुरवणी तू रविवारी चहाबरोबर वाचतेस हे मला माहीत आहे. आधी शेवटचं पान, मग बाकीचं. म्हणजे हे तू वाचशील तेव्हा मी म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीच्या बसची वाट बघत असेन. दहापर्यंत पोचतो. दार लावून घेतलंस तर मी पायरीवर थांबेन, मला तिची सवय आहे. उघडलंस तर एवढंच कर, त्या कदेलीवर तू बस. शाप मागे घे म्हणून सांगायला मी येत नाही. भावजी दर रविवारी जे बघायचे ते एकदा तू बघ, मग काय ते ठरव. वस्तरा त्या गुरुवारपासून तुझ्याकडेच आहे. हात मी घेऊन येतो.